सात तुकड्यांत अडकून बघा!

सॉलिटेअर झालं, सुडोकू झालं, वर्डलही झालं. डोक्याला नवा खुराक हवाय? मग कॉम्प्युटरवर टॅनग्रॅम उघडा. नियम दोनच, तुकडे सातच... आणि एकदा अडकलात की सुटका नाही!

तुमच्या ऑफिसात दुपारी अडीच ते तीन या वेळात काय चालतं, हे मी सांगायची गरज नाही. डबा खाऊन झालेला असतो, एसी डोळ्यांवर झापड आणत असतो आणि एक्सेल शीट जागची हलत नसते. कुणी रील्स बघतं, कुणी ग्रुपवर 'चहा?' एवढाच मेसेज टाकतं. मी फ्रीलान्सर. मला ऑफिस नाही, पण अडीच माझ्याकडेही वाजतात. गेले काही महिने त्या अर्ध्या तासात मी ब्राउझरमध्ये टॅनग्रॅमचा प्रोग्रॅम उघडते आणि सात रंगीत तुकडे माऊसने इकडून तिकडे ढकलत बसते.

टॅनग्रॅम आपल्याला नावाने नाही, तरी चेहऱ्याने माहीत असतो. एक चौरस आणि त्याचे सात तुकडे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन छोटे, एक चौरस आणि एक तिरका समांतरभुज चौकोन. समोर एक काळी आकृती असते. मांजर, होडी, धावणारा माणूस, काहीही. सातही तुकडे वापरायचे, एकावर दुसरा चढवायचा नाही आणि ती आकृती जमवायची. बस्स.

बालिश वाटतंय? पहिली होडी जमवायला चाळीस मिनिटं लागली की मत बदलतं.

माऊसच्या टोकावर

लाकडी टॅनग्रॅम दुकानात मिळतो, मग कॉम्प्युटर कशाला? खेळायला बसलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. तुकडा माऊसने पकडायचा, ओढायचा, सोडायचा. दुसऱ्या तुकड्याच्या कडेजवळ नेला की चुंबकासारखा टक्कन चिकटतो. काही प्रोग्रॅममध्ये एका क्लिकला तो ४५ अंश फिरतो आणि बहुतेक आकृत्यांना तेवढं पुरतं, कारण सात तुकड्यांमधला प्रत्येक कोन ४५, ९० किंवा १३५ अंशांचाच असतो.

लाकडी तुकड्यांत आपण जरा चालवून घेतो. एक टोक किंचित बाहेर आलं, मध्ये थोडी फट राहिली, तरी 'झालं की!' म्हणून मोकळे. प्रोग्रॅमला हे 'चलता है' चालत नाही. फट राहिली तर ती दिसतेच. पण प्रोग्रॅम दिलदारही आहे. 'अनडू' दाबून पाच मिनिटांपूर्वीच्या अवस्थेत परत जाता येतं. तुकड्यांची कॉपी काढून दोन अर्धवट प्रयत्न शेजारी शेजारी ठेवता येतात. आयुष्यात ही सोय कुठे असते?

मी वापरते तो पॉलीपॅड. मॅथिगॉनने बनवलेला हा प्रोग्रॅम फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतो आणि अकाउंट उघडल्याशिवायही वापरता येतो. खरं तर तो गणिताच्या शिक्षकांसाठीचा कोरा फळा आहे. त्यातल्या अनेक वस्तूंपैकी एक म्हणजे टॅनग्रॅम. याच्याही आधी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या यूटा स्टेट युनिव्हर्सिटीने गणिताच्या अशाच खेळांची ऑनलाइन लायब्ररी सुरू केली होती. त्यातले खेळ जावावर चालायचे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ब्राउझरमधल्या जावाला दार बंद केलं. २०२० च्या अखेरीस फ्लॅशही गेलं आणि त्यावर बनवलेले असंख्य खेळ एका फटक्यात जुने झाले. प्रोग्रॅम येतात आणि जातात, सात तुकडे तसेच्या तसे आहेत.

सोळा आण्यांचा हिशेब

प्रोग्रॅमसोबत थोडे दिवस घालवले की तुकड्यांचे स्वभाव कळायला लागतात. आजीच्या भाषेत हिशेब मांडू. पूर्ण चौरस सोळा आणे धरला, तर छोटे त्रिकोण एक-एक आणा. मधला त्रिकोण, चौरस आणि समांतरभुज चौकोन दोन-दोन आणे. आकार वेगळे, किंमत एकच. आणि मोठे त्रिकोण चार-चार आणे. म्हणजे त्या दोघांनीच अर्धा रुपया गिळला! ऑफिसातल्या दोन सीनियर साहेबांसारखे हे. अर्धी जागा त्यांची, उरलेल्या अर्ध्यात बाकीचे पाच जण.

एका दुपारी मी दोन्ही मोठे त्रिकोण जोडून चौरस केला आणि बाजूला ठेवला. उरलेले पाच तुकडेही आठच आण्यांचे, मग त्यांचा तेवढाच चौरस होईल का? क्षेत्रफळ सारखं असलं म्हणून आकार जमेलच असं नाही. अर्धा तास गेला, चहा गार झाला. मग मधला त्रिकोण लांब बाजू खाली करून बसवला आणि त्याच्या टोकाला टेकवून चौरस वर उजव्या कोपऱ्यात ठेवला. त्या दोघांच्या मधल्या खाचेत एक छोटा त्रिकोण गेला, डावीकडे समांतरभुज चौकोन उभा राहिला आणि वरच्या कोपऱ्यात शेवटचा छोटा त्रिकोण... टक्! दोन चौरस, अगदी जुळे. शेजारी शेजारी सरकवले की आयत तयार.

त्या 'टक्'साठी लोक रात्री जागवतात, हे मला तेव्हा पटलं.

तेवढाच एक आडमुठा

नव्या माणसाची विकेट हमखास घेतो तो समांतरभुज चौकोन. बाकीचे सहा तुकडे आरशात जसे दिसतात तसेच असतात. ते उलटे केले काय आणि नुसते फिरवले काय, फरक पडत नाही. हा एकटाच डावा-उजवा आहे. कितीही गरगर फिरवा, डावीकडे झुकलेला उजवीकडे झुकणार नाही. त्याला पालथाच करावा लागतो. लाकडी तुकडा असेल तर उचलून उलटा ठेवायचा, प्रोग्रॅममध्ये 'फ्लिप' दाबायचं. सहा तुकडे बसले आणि सातवा हट्टाला पेटला, तर आधी त्याला पालथा करून बघा. अनेकदा कोडं तिथेच सुटतं.

पाय गेला कुठे?

टॅनग्रॅममध्ये चकवेही आहेत. सगळ्यात प्रसिद्ध चकवा हेन्री ड्यूडेनी या इंग्लिश कोडेकाराचा. त्याच्या दोन आकृत्या म्हणजे जवळजवळ एकसारखे दोन माणसं. एकाला पाऊल आहे, दुसऱ्याला नाही. दोन्ही सात तुकड्यांचेच! मग दुसऱ्याचं पाऊल गेलं कुठे?

कागदावर बघत बसलं तर डोक्याला शॉट लागतो. प्रोग्रॅममध्ये एक माणूस सरळ दुसऱ्यावर ओढून ठेवायचा. मग दिसतं की बिनपावलाच्या माणसाचं अंग किंचित मोठं आहे. पाऊल हरवलेलं नाही, सगळ्या अंगात वाटलं गेलंय. फरक इतका पसरलेला, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सोळा आणे सोळाच राहतात. महिनाअखेरीला 'पगार गेला कुठे?' असं विचारणाऱ्यांनी हा चकवा जरूर करून बघावा.

चार हजार वर्षांची थाप

टॅनग्रॅम हजारो वर्षांपूर्वीचा आहे, असा एखादा फॉरवर्ड तुम्हालाही येऊ शकतो. ही थाप सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराची. १९०३ मध्ये त्याने एक पुस्तक काढलं आणि त्यात ठोकून दिलं की चार हजार वर्षांपूर्वी 'टॅन' नावाच्या देवाने हा खेळ निर्माण केला आणि त्यावर सात ग्रंथ आहेत. लोकांनी विश्वास ठेवला. ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक जेम्स मरे यांनी चीनमध्ये असलेल्या आपल्या मुलाकडून चौकशी करवली, तेव्हा असा कुठला देव तिथे कुणालाच माहीत नसल्याचं कळलं.

खरी गोष्टही कमी भन्नाट नाही. चीनमध्ये या खेळाच्या नावाचा अर्थ 'कौशल्याच्या सात फळ्या'. त्यावरचं माहीत असलेलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक १८१३ चं. १८१५ मध्ये एका अमेरिकन जहाजाच्या कप्तानाला चीनमध्ये अशी पुस्तकं भेट मिळाली आणि १८१६ मध्ये ती त्याच्याबरोबर फिलाडेल्फियाला पोचली. पुढच्या दोन वर्षांत युरोप-अमेरिकेत अक्षरशः साथ पसरली. १८१८ च्या एका फ्रेंच व्यंगचित्रात एक जण रात्रभर हाच खेळ खेळत बसलाय. ऐन हिवाळ्यात शेकोटी विझत आली तरी त्याला पत्ता नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही 'फक्त पाच मिनिटं' म्हणत बसणारे होते! 'टॅनग्रॅम' हे नाव आलं १८४८ मध्ये, पुढे हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या थॉमस हिल यांच्या पुस्तिकेतून.

बॉस, कॉम्प्युटरला जमतं का?

जमतं की. १९४२ मध्ये दोन चिनी गणितज्ञांनी सिद्ध केलं की सात तुकड्यांतून आत कुठेही खाच नसलेले आकार बनतात फक्त तेरा. एक त्रिकोण, सहा चौकोन, दोन पंचकोन, चार षट्कोन. हे त्यांनी कागद-पेन्सिलीवर केलं. १९७२ मध्ये डॉइच आणि हेज या संशोधकांनी टॅनग्रॅम सोडवणारा प्रोग्रॅम मांडला. टॅनग्रॅमचा ग्रीक चुलत-पणजोबा म्हणावा असं आर्किमिडीजच्या नावावरचं चौदा तुकड्यांचं एक कोडं आहे. त्याचा चौरस किती प्रकारे जमतो, हे बिल कटलर यांनी २००३ मध्ये कॉम्प्युटरने मोजलं. उत्तर आलं १७,१५२! फिरवलेले आणि आरशातले प्रकार वगळले तर ५३६.

म्हणजे तुकडे बसवण्यात कॉम्प्युटर आपल्याला कधीच मागे टाकेल. त्याचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हजाराहून जास्त टॅनग्रॅम आकृत्या गोळा केल्या, माणसांना त्यात काय दिसतं ते लिहून घेतलं आणि त्याच आकृत्या एआय मॉडेल्सना दाखवल्या. खऱ्या फोटोंवर तयार झालेली ती मॉडेल्स या ओबडधोबड काळ्या आकृत्यांपुढे कच्ची निघाली. हे डोकं, ही शेपटी, असं भागाभागाने शिकवल्यावर त्यांची प्रगती झाली. आपल्याला मात्र दोन त्रिकोण कान म्हणून पुरतात आणि मांजर दिसतं. कुणी शिकवावं लागत नाही.

आणि गंमत अशी, की प्रत्येकाला दिसणारं मांजर वेगळं असतं.

'रेनकोट'ची गोष्ट

१९८६ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं, मध्ये पडदा, दोघांकडे त्याच बारा टॅनग्रॅम आकृत्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने ऐकून त्या त्याच क्रमाने लावायच्या. अशा सहा फेऱ्या. पहिल्या फेरीत सांगणाऱ्याला एका आकृतीमागे सरासरी ४१ शब्द लागले. सहाव्या फेरीत पुरले आठ! मधल्या वेळात त्या दोघांची एक छोटीशी खासगी भाषा तयार झाली होती.

हे वाचलं आणि मला माझी जुनी रूममेट आठवली. पुण्यात आम्ही चार वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो. दोन वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी बंगळूरुला गेली. सुरुवातीला तासन्‌तास फोन, मग अर्धा तास, मग 'काय चाललंय?', 'काही नाही गं, तुझं?' अशी तीन मिनिटं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. मैत्री होती, विषय संपले होते.

एका रविवारी मी तिला पॉलीपॅडमध्ये बनवलेल्या बारा आकृत्यांचा फोटो पाठवला आणि फोनवर क्लार्कसाहेबांचा खेळ सुरू केला.

"अगं, ती डोक्यावरून पदर घेतलेली बाई बघ. उजवीकडे बघतेय. खाली एकच पाय दिसतोय..."

"कुठली पदरवाली? इथे कुणी बाई नाहीये. रेनकोट घातलेला एक पोस्टमन आहे."

"पोस्टमन? पिशवी डावीकडे आहे का त्याच्या?"

"हो, डावीकडे."

"मग तीच गं! तीच माझी पदरवाली!"

पहिल्या फेरीला पाऊण तास लागला आणि हसून पोट दुखलं. पाचव्या फेरीला मी नुसतं 'रेनकोट' म्हणायची, ती 'झाला' म्हणायची. शास्त्रज्ञांचा आकडा आमच्या फोनवर खरा झाला होता.

मग दर रविवारी नव्या बारा आकृत्या. कधी ती बनवते, कधी मी. तिसऱ्या रविवारी, नवव्या आकृतीवर, ती मध्येच थांबली. म्हणाली, "ऐक ना, मी जॉब सोडायचा विचार करतेय. घरी अजून सांगितलं नाहीये." मी माऊस सोडला. त्या रात्री पुढच्या तीन आकृत्या झाल्याच नाहीत, आम्ही दीड वाजेपर्यंत बोलत होतो. हे 'काय चाललंय?'च्या उत्तरात आलं नसतं. हात आणि डोळे कशात तरी गुंतले होते, म्हणून तोंडून निघालं. असं माझं मत.

तिने अजून जॉब सोडलेला नाही, पण आता घरी बोलली आहे. आणि मॅनेजरने दिवस खराब केला, की तिचा मेसेज येतो: 'आज पुन्हा रेनकोट.' त्याचा अर्थ जगात फक्त दोघींना कळतो.

हिंट नावाचा मोह

प्रोग्रॅमची एक बाजू मात्र सांगायलाच हवी. बहुतेक टॅनग्रॅम ॲप्समध्ये हिंटचं बटण असतं. दाबलं की एक तुकडा आपोआप जागेवर बसतो. दुसऱ्यांदा दाबलं की दुसरा. चार वेळा दाबलं की कोडं सुटतं आणि हाती काही लागत नाही. तुकडे बसवायला कॉम्प्युटर समर्थ आहे, हे आपण आधीच बघितलं. आपला वाटा आहे तो अडकण्याचा.

आपल्या कामात अडकणं परवडत नाही. डेडलाइन असते, मेलवर 'एनी अपडेट?' येतं. अडकलो की लगेच कुणाला तरी विचारायचं, शोधायचं, पुढे सरकायचं. इथे अडकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. वीस मिनिटं एका त्रिकोणाकडे बघत बसा, अप्रेझलमध्ये त्याची नोंद होत नाही. काळ्या आकृतीत सांधे दिसत नाहीत, ते आपल्याला मनात आखावे लागतात. चुकीची रेघ आखली की सगळं मोडून परत मांडायचं. ही सवय पैशाने विकत मिळत नाही. हिंटचं बटण ती मिळू देत नाही, एवढीच माझी त्याच्याबद्दल तक्रार.

म्हणून माझा नियम: दिवसाला एकच आकृती, हिंट बंद. सुटली नाही तर तशीच सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी तीच उघडायची. कित्येकदा रात्रभरात काहीतरी हललेलं असतं आणि पहिल्या दोन मिनिटांत तुकडे जागेवर जातात. नाही गेले, तर तिसरा दिवस आहेच!

ट्राय करून बघा

मोठ्यांपासून सुरुवात: मोठे त्रिकोण आधी बसवा. त्यांना जागा कमी ठिकाणी मिळते. छोटे कुठेही मावतात, त्यांना शेवटी ठेवा.

टोकं शोधा: मांजराचे कान, होडीचं नाक अशा बाहेर आलेल्या टोकांवरून तिथला तुकडा ओळखता येतो.

आणे मोजा: आकृतीचा एखादा भाग सुटा दिसत असेल, तर तो साधारण किती आण्यांचा आहे ते ताडा. तुकड्यांची यादी लगेच छोटी होते.

नेट गेलं तर: एक चौरस कागद घ्या. कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. त्यातला एक मधोमध कापा, हे दोन मोठे. दुसऱ्याचं काटकोनाचं टोक समोरच्या बाजूच्या मध्यावर दुमडा आणि घडीवर कापा, हा मधला. उरलेली पट्टी मधोमध उभी कापा. एका अर्ध्यातून चौरस आणि छोटा त्रिकोण, दुसऱ्यातून छोटा त्रिकोण आणि तो आडमुठा समांतरभुज चौकोन. झाले सात!

दोघांत खेळायचं तर: बारा आकृत्या, दोन फोन आणि एक रविवार. पहिल्या फेरीत धीर सोडू नका. पाचव्या फेरीला तुमचा स्वतःचा 'रेनकोट' सापडलेला असेल.